हिला कळलं

तीन दिवस म्हातारा ताटावर नीट बसला नव्हता. बसला तरी घास हातात धरून भिंतीकडे बघत राहायचा, आणि म्हातारीनं काही विचारलं की नुसतं हूं करायचा. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं त्याची बरीच सोंगं सहन केली होती, पण हे मुकं सोंग तिच्या डोक्यात जायचं. माणसानं भांडावं, निदान एखादं भांडं तरी आदळावं.

कारण काय, तर एक पत्र. कुठल्याशा लांबच्या गावातल्या चर्चच्या पाळकानं लिहिलं होतं की आपलं पवित्र शास्त्राचं भाषांतर आम्ही दर रविवारी वाचतो, पोरंसोरंसुद्धा कान देऊन ऐकतात, फक्त प्रेषित पौलाच्या पत्रातला एक उतारा इथं कुणालाच कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. पत्र अदबीनं लिहिलेलं होतं. म्हणूनच ते म्हाताऱ्याला जास्त लागलं.

हे बायबलचं भाषांतर म्हणजे त्याचा सारा जन्म. त्यापायी तो ग्रीक शिकला, हिब्रू शिकला, त्यापायी केस गेले, मग डोळे अधू झाले. पण शेवटचा निकाल मात्र त्यानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला होता. नियम त्याचाच. उतारा लिहून झाला की उंबऱ्याशी स्टूल टाकून बसायचं आणि दुसरीतून शाळा सुटलेल्या बायकोला वाचून दाखवायचा. तिनं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. पुस्तकातले शब्द जसेच्या तसे परत आले तर नापास, पुन्हा लिहायचं. जमलं तर कडेला लाल पेन्सिलीनं खूण आणि खुणेशेजारी दोन शब्द: हिला कळलं.

तिनं त्याची कधी गय केली नाही. हा मेंढपाळ बोलतोय का कचेरीतला कारकून, असं विचारून एकदा अख्खा अध्याय परत पाठवला होता. भाषांतर समितीतले विद्वान ज्याच्या चुका काढायला बिचकत, त्याच्या चुका ही भांडी घासता घासता काढायची.

आज दुसरी आवृत्ती छापायला जायची होती. समितीचा सचिव रिकामी पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत ताटकळला होता. शनिवार, दोनला छापखाना बंद. सुनेनं त्याला दुसऱ्यांदा चहा दिला आणि सासूकडे बघून भुवया उंचावल्या. तेव्हा म्हातारी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

म्हातारा जुन्या वह्या जमिनीवर पसरून बसला होता. हवी ती वही सापडली होती. त्या उताऱ्याशेजारी लाल खूण होती, दोन शब्द होते, तारीखही होती. तो खुणेवर बोट ठेवून बसला होता. वर न बघताच म्हणाला, सचिवाला जाऊ दे, मी छपाई थांबवतोय. ही खूण खोटी निघाली तर मग खरी कुठली धरायची? सगळ्या वह्या पहिल्यापासून तपासायला हव्यात.

वह्या एकशे चाळीस होत्या. आणि तो एक्याऐंशी वर्षांचा.

म्हातारीनं वाकून तारीख पाहिली. पाहायची गरज नव्हती. त्या आठवड्यात धाकटीला गोवर आला होता, दोन दिवस हिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि हा आपला स्टूल घेऊन उंबऱ्यात हजर. एक वाक्य सुरू झालं ते संपता संपेना. आत पोर रडत होती. हिनं त्याचेच शेवटचे चार शब्द त्याच्या पदरात टाकले, कळलं म्हणाली आणि उठली. त्यानंतर हे तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. काढायचं म्हणजे मान खाली घालायची, आणि ती मान तिनं सासूपुढेसुद्धा खाली घातली नव्हती.

बाहेर सचिव खाकरला.

"खोटी आहे ती खूण," म्हातारी म्हणाली. "मला नव्हतं कळलं."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "आणखी किती आहेत अशा?"

"एकही नाही. बाकीच्या वेळी मी तुम्हाला रडवलंय, ते विसरलात होय?"

त्यानं चष्मा पुसून पुन्हा लावला. मग हळूच म्हणाला की त्या दिवशी तू नुसते माझेच शब्द परत म्हणाली होतीस.

"म्हणजे आठवतंय. मग खूण कशाला केलीत?"

तो वहीची पानं सारखी करू लागला.

"मी सांगते. मला आत जायचं होतं आणि तुम्हाला पुढं."

तिनं टेबलावरचा छपाईचा गठ्ठा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि तेवढं ते पान काढायला सांगितलं. त्यानं पान काढलं. उरलेला गठ्ठा तिनं सुनेच्या हाती दिला. तो बाहेर द्यायचा आणि एक पान सोमवारी मिळेल म्हणून सांगायचं. मग कोपऱ्यातलं ते जुनं स्टूल ओढून ती स्वतःच त्यावर बसली. म्हणाली, वही मिटा आणि त्या पौलाला काय म्हणायचंय ते मला तुमच्या शब्दांत सांगा.

म्हाताऱ्यानं वही मिटली. घसा साफ केला, डोळे मिटले, आणि ते अर्ध्या पानाचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडू लागलं, एका शब्दाचीही चूक न होता. तिनं तीन ओळी होऊ दिल्या.

"हे पुस्तकातलं झालं," ती म्हणाली. "नापास. ती खूण खोडा आणि जेवायला या."