मालनबाईंचा संगणक

शनीपलीकडे गेलेल्या यानाचा आवाज आता इतका क्षीण झाला होता, की तो ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीभोवतीच्या गावांत घरोघरचे संगणक तपासले जात. निरीक्षक धनश्री घोलप मालनबाईंकडे आली. त्यांची लेक त्याच यानात होती. तिची साठवलेली जुनी बोलणी त्या रोज आपल्या संगणकावर ऐकत.

धनश्रीनं संगणकाजवळ धरलेल्या मीटरचा आकडा मर्यादेबाहेर गेला.

"मावशी, याच्या लहरी दुर्बिणीपर्यंत पोचतायत. सील करून न्यावा लागेल. लहरी बाहेर न सोडणारा मंजूर संगणक मिळायला वर्ष जाईल."

"म्हणजे माझ्यामुळंच तिचं बोलणं तुटतंय?"

धनश्रीला खोटं बोलवेना. "थोडंफार."

मालनबाईंनी लेकीचा आवाज एकदा पूर्ण ऐकला आणि स्वतःच्या हातानं वायर काढली.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तिला काही सांगायचं असेल."