कडेवर कोरडा

साउंड बॉक्समधलं गाणं संपलं. पाटावर हळद माखून बसलेली दिव्या रडत होती. तिचा धाकटा भाऊ उमेंद्र बॉक्सजवळ अवघडून उभा होता.

या घरची रीत अशी की नवरीच्या हळदीचं गाणं घरातल्यानंच रचायचं. आई होती तोवर आई रचायची. पुढे मोठी झाल्यावर चुलतबहिणींच्या हळदीला दिव्यानं रचलं. आता हळद दिव्याचीच, आणि नवरीनं स्वतःचं गाणं रचायचं नसतं. म्हणून पाळी उमेंद्रवर आली. त्याला ना सूर, ना ताल. त्यानं एका ॲपला लिहून दिलं : धानाचं गाव, बहिणीची हळद, धाकटा भाऊ, थोडं रडू येईल असं. चहा निवायच्या आत शब्द, चाल, आवाजासकट गाणं तयार.

"रडवलं रे पोरा तू," चंदाकाकू पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "शबदबी तुयेच, आवाजबी तुयाच?"

"मशीननं आवाज जरासा साफ केला, काकू. बाकी माह्यंच हाये."

दिव्यानं त्याला जवळ बोलावलं. हातांची हळद लागू नये म्हणून मनगटांनीच त्याचं डोकं ओढून घेतलं.

"चिखलात माझी ताई, मी कडेवर कोरडा," गाण्यातली ओळ तिनं हळूच म्हटली. "तुले हे याद हाये?"

उमेंद्रला काहीच आठवत नव्हतं. ती ओळ त्यानंही ॲपवरच पहिल्यांदा ऐकली होती, आणि बरी जमली म्हणून ठेवली होती.

"आई गेली त्या साली रोवणी चालू होती," दिव्या सांगू लागली. "बाबा बांधीत धान लावत होते. मी तुले कडेवर घेऊन बांधीच्या काठच्या धुऱ्यावरून जाऊन राहिली होती. पाय घसरला माह्या, मी चिखलात गेली, पण तुले पडू नाही देलं. तू तं धड बोलतबी नव्हता तवा. मले वाटे, हे मले एकटीलेच याद हाये."

खरं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण तिचा चेहरा इतका सुखावला होता की धीरच झाला नाही. आपण बहिणीला फसवतो आहोत, तेही तिच्या हळदीत, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाये ना याद, दीदी," तो म्हणाला.

"मंग काऊन सांगतलं नाही रे कवा?" हळद लावायला आलेल्या काकूंना तिनं थांबवलं आणि त्याच्यासाठी पाटावर जागा केली. "बस इथं. सांग, आखीन काय काय याद हाये?"

बायकाही ऐकायला पुढे सरकल्या. उमेंद्रनं घसा खाकरला, आणि त्याचा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे गेला.