पाच गोलांची आवक

बॉल सिद्धेश्वरीच्या बोटांना चाटून जाळीत गेला आणि दुधनीच्या बाजारात फटाक्यांची माळ लागली.

“आला!” बसूमामा खुर्चीतून उठले. “पहिला माल आला!”

मामा आडते. तूर ज्याच्या दुकानात उतरली त्याची ती आवक, हा हिशेब त्यांच्या हाडात मुरलेला. भाची भारताच्या महिला संघाची गोलकीपर होऊन परदेशात, देशादेशांच्या स्पर्धेत उतरली, तेव्हा मामांनी स्वखर्चानं बाजारात मोठा पडदा लावला आणि जमलेल्यांना खेळ समजावून दिला. जाळी म्हणजे दुकान. सिद्धेश्वरी दुकानाच्या दारात. बॉल आत पडला की तिची आवक. क्रिकेटात बोलर विकेट घेतो, तशी ही गोल घेते. ज्या चार जणांना फुटबॉल कळत होता, त्यांच्या तोंडात मामांचे पेढे होते. समालोचन इंग्रजीत होतं, त्यावर हलगी वाजत होती. गोलांचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसला असता. पण तिथं मामांच्या शुभेच्छांचा फ्लेक्स आडवा आला होता.

पहिल्या रांगेत सिद्धेश्वरीचे वडील, आप्पा, मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांना खेळ कळत होता. पोरीला सोलापूरच्या मैदानावर नेता-आणताच कळला होता. पण ते मामांच्याच आडतीत दिवाणजी. शिवाय सिद्धेश्वरी पाळण्यात असतानाच मामांनी तिला आपल्या इंद्रजीतसाठी मागून ठेवलेली. मामाचा हक्क. या स्पर्धेत नाव काढलं तर खेळू द्यायचं, नाहीतर दिवाळी झाली की लगीन आणि बूट माळ्यावर, असं ठरलं होतं. म्हणजे मामांनी ठरवलं होतं.

दुसरा गोल झाला. तिसरा झाला. सिद्धेश्वरी गुडघ्यांवर बसून मुठीनं जमीन बडवू लागली.

“बघा, आनंद मावंना पोरीचा,” मामा म्हणाले.

“रडतीया की ती,” तिची आई मथुराबाई म्हणाली.

“अगं, आनंदानंच रडत्यात माणसं. तू न्हाय का रडलीस माज्या लग्नात?”

मग एकदा सिद्धेश्वरीनं आडवी झेप घेऊन बॉल बाहेर काढला. सगळा बाजार हळहळला. “दारात आलेला माल घालवला!” मामांनी कपाळावर हात मारला. पुढं आणखी दोन गोल झाले तेव्हा कुठं त्यांचा जीव थाऱ्यावर आला.

संघ हरल्याचं शेवटी कुणीतरी सांगितलं. मामा भडकले. “एकटीनं पाच घेतले! बाकीच्या दहा जणी काय तुरी निवडत हुत्या? दाजी, लगीन लांबणीवर. पोरीला खेळू द्या. इंद्रजीत थांबंल.”

आप्पांनी हात जोडले. मथुराबाईनं त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. तो त्यांनी गिळला, आणि त्याबरोबर बरंच काही गिळलं.

सिद्धेश्वरीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. “आप्पा, पाच गेले ओ! तोंड दाखवायची सोय न्हाय राहिली. पुढच्या मॅचला एकबी जाऊ देणार न्हाय. मेले तरी चालंल.”

“असं करू नगं बाळा,” आप्पा घाईनं म्हणाले. “एखाद-दुसरा गेला तर जाऊ दे की.”

“तुमच्यासारखा बाप न्हाय कुणाला,” ती म्हणाली आणि आणखी रडली.

दुसऱ्या सामन्याला बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मोडनिंबचे व्यापारीही आले होते. सिद्धेश्वरी त्या दिवशी अशी खेळली, की तसं तिला पुन्हा खेळता आलं नसतं. वरून आलेला बॉल वर, खालून आलेला खाली. समोरच्यांच्या पायात घुसली, कपाळ फोडून घेतलं, पट्टी बांधून पुन्हा उभी राहिली. मग पेनल्टी आली. समोर एकच खेळाडू, मध्ये कुणी नाही. सगळ्या बाजारानं श्वास रोखला. आप्पांनी डोळे मिटले आणि आपल्याच पोरीच्या जाळीत बॉल जाऊ दे म्हणून सिद्धरामेश्वराला हात जोडले.

तिनं तो पण अडवला.

भारतानं एका गोलानं सामना जिंकला. बाजारात एक फटाका वाजला नाही. हलगीवाला उठून गेला.

“समोरच्या जाळीतल्या पोरीनं तरी एक घेतला,” मामा हळू आवाजात म्हणाले. “संघ जिंकला, पण आपली कोरडी. पाच आले ते नशिबानं आले म्हणायचं. दिवाळी झाली की लगीन उरकू.”

आप्पांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं, तर गोल घ्यायचा नसतो, अडवायचा असतो, हे सांगायला लागणार. मग त्या दिवशीचे पाच गोल हिशेब मागायला येणार, आणि भर बाजारात माळा लावणारे मामा, मोडनिंबच्या व्यापाऱ्यांसमोर, वेडे ठरणार. मामांना वेडं ठरवून आप्पांची पोरगी कुठं खेळायला जाणार होती? त्यांनी तोंड मिटलं. मग धीर करून पुन्हा उघडलं. “मामा, त्याचं असं हाय...”

तेवढ्यात खिशात फोन वाजला. सिद्धेश्वरीचा. मामांनी तो आप्पांच्या हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

“आप्पा! बघितलंत का? माज्या नावावर आज एकबी गोल न्हाय!”

मामांनी डोळे पुसले, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणाले, “चुकली, पण आपल्या तोंडानं कबूल केलं. दाजी, अशीच सून पायजे हुती.”