सगळी हत्यारं पुजली

घरी जोडायच्या पिस्तुलाचं किट हृषिकेशने निव्वळ हौसेपोटी मागवलं. साइटवर लोकांनी तोंडभरून लिहिलं होतं, 'एकदम भरवशाचं, पैसा वसूल.' गॅरेजमध्ये खपून त्याने ते जोडलं आणि मग कुठे त्याच्या वाचनात आलं, की इथे ऑस्ट्रेलियात असलं पिस्तूल घरात सापडलं तर सरळ तुरुंग. झालं! सिटिझनशिप तोंडावर आलेली. आता ते ना कचऱ्याच्या बिनमध्ये टाकता येईना, ना बायकोला सांगता येईना. ड्रिलच्या डब्यात तळाशी लपवलेल्या त्या पिस्तुलाने त्याची झोप उडवली.

दसऱ्याला तो ऑफिसमधून परतला, तर पुण्याहून आलेली आई कौतुकाने म्हणाली, "गॅरेजमधली तुझी सगळी हत्यारं पुजली बरं का. एकही सोडलं नाही!"

पाटावर पक्कड होती, हातोडी होती, आणि मधोमध हळदीकुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेलं पिस्तूल.

"ते खेळण्यातलं पिस्तूल कधी आणलंस रे?" त्याची बायको रुचा हसत म्हणाली. "फोटोत काय उठून दिसतंय! आपल्या स्ट्रीटच्या ग्रुपवर टाकलाय. खाली इंग्लिशमध्ये लिहिलंय, 'आज आम्ही आमच्या शस्त्रांची पूजा करतो.'"

हृषिकेशने फोन उघडला.



समोरच्या घरातल्या पोलीस सार्जंट ग्लेनचं उत्तर आलं होतं, "ब्यूटिफुल, मेट! घरीच थांब. मधलं जरा जवळून बघायला येतोय."