आधी मशीन बंद

"म्हणजे मला बढती मिळाली का?" आबांनी विचारलं, आणि प्रशिक्षणाची खोली खो-खो हसली.

धाकटीही हसली, पण तिच्या कपाळावर घाम आला होता. खेळ तसा साधा होता. प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाईंनी सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात नव्या मॅनेजरची जोडी लावली होती. आबांनी कामगार व्हायचं, धाकटीने मॅनेजर. नवं यंत्र येतंय, त्यामुळे तुमचं हे काम जाणार, एवढंच तिने त्यांना सांगायचं. समोर पडद्यावर बाईंच्या तीन पायऱ्या होत्या. आधी कौतुक करा, मग बातमी द्या, शेवट गोड करा. धाकटीने कौतुकच एवढं केलं, की बातमी त्याखाली गाडली गेली.

आबा म्हणजे खोक्यांच्या या कारखान्यातल्या छपाई विभागाचे मॅनेजर. धाकटी त्यांच्या हाताखाली शिकलेली आणि गेल्याच महिन्यात डिझाइन विभागाची मॅनेजर झालेली. मॅनेजरांत वयाने सगळ्यात लहान, म्हणून धाकटी.

पण ती अडखळत होती ते नवखेपणामुळे नाही. सकाळीच मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. डिजिटल यंत्रं येणार, छपाई आणि डिझाइन मिळून एकच विभाग होणार, आणि तो तिच्याकडे जाणार. आबा तिच्या हाताखाली. "तूच सांग त्यांना. तुझं त्यांच्याशी चांगलं जमतं," असं म्हणून साहेबांनी फोन कानाला लावला होता. फोन वाजलाही नव्हता. आबांना तिने ते अजून सांगितलं नव्हतं.

"पुन्हा एकदा करू या," बाई म्हणाल्या.

धाकटीने घसा साफ केला. "आबा, तुमच्यासारखा माणूस कारखान्याला मिळणार नाही. आता काळ बदलतोय, आणि बदल म्हणजे खरं तर एक संधी..."

"पोरी, माझं काम आहे की गेलं, तेवढं सांग," आबा म्हणाले. "घरी जाऊन बायकोला काय सांगू? संधी मिळाली म्हणून?"

पुन्हा हशा झाला. गोदामाचे मॅनेजर मघापासून टेबलाखाली मोबाइल बघत होते. त्यांनी मान वर केली. "बाई, हे आबांनाच विचारा ना. ते आधी मशीन बंद करायचे."

"म्हणजे?"

"त्यात काही विशेष नाही हो," आबा म्हणाले. "मशीनच्या आवाजात वाईट बातमी सांगितली, की समोरचा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. आपणही सांगून न सांगितल्यासारखं करतो. दोघांचीही सोय. म्हणून आधी मशीन बंद करायचं आणि एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं."

"आणि नंतर?"

"नंतर मी गप्प. मशीन परत त्याने सुरू करायचं, त्याला वाटेल तेव्हा. वरून फोन यायचे, काम का थांबलंय म्हणून. येऊ देत की."

बाई जाणत्या होत्या. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माझ्या पायऱ्यांत हे नाही," त्या म्हणाल्या. "करून बघू या."

धाकटी उठली. टेबलावर प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. खेळातलं वाक्य बोलून सहज सुटता आलं असतं. बाकीचं पुढच्या आठवड्यात, कुठेतरी जिन्यात गाठून, गुळमुळीत सांगता आलं असतं. पण मशीन बंद करून आबा कधी कुणाशी खोटं बोलले नव्हते, आणि ती सुरुवात तिला आपल्यापासून करायची नव्हती.

तिने बटण दाबलं. पडदा विझला. पंखा थोडा वेळ फिरून थांबला, आणि खोली एकदम शांत झाली.

"आबा, हे कामगाराला नाही, तुम्हाला सांगतेय. पुढच्या महिन्यापासून छपाई विभाग माझ्याकडे येतोय. तुम्ही माझ्या हाताखाली असाल."

या वेळी कुणी हसलं नाही. गोदामवाल्यांनी मोबाइल खिशात घातला. धाकटीच्या ओठांवर कौतुकाचे शब्द आले होते, आणि ते सगळे खरे होते. आबांसाठी तिचा जीव तुटत होता. तरी तिने ते शब्द गिळले आणि ती आबांकडे बघत उभी राहिली.

आबांनी टेबलावरचे आपले हात पाहिले. शाई कधीच पुरती न गेलेली नखं पाहिली. बाहेरून कुणीतरी ढकलगाडी घेऊन गेलं, तिचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. कुणीही घाई केली नाही.

मग आबा उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, टेबलाला वळसा घालून आले आणि प्रोजेक्टरसमोर वाकले. त्यांचं बोट दोन-तीन बटणांवरून नुसतंच फिरलं.

"कुठलं गं हे?"

धाकटीचा हात आपसूक पुढे झाला. तिने तो मागे घेतला.

"उजवीकडचं, आबा."

आबांनी बटण दाबलं आणि ते सरळ उभे राहिले. दिवा हळूहळू उजळला. आबा अजून त्याच्या वाटेतच उभे होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, छातीवर आडवी, शेवटची पायरी उमटली. शेवट गोड करा. त्यांना ती दिसत नव्हती.

"सांगितलंस नीट," आबा म्हणाले. "चला बाई, पुढचं घ्या."