हूं

"पोरी, माझ्या लेकाला उगा हूं देऊ नगं. हूं मिळालं की ह्यो गडी लई लांब जातोय," असं सासू शरणम्मा बजावायची. दाक्षायणी बी.ए. झालेली, तिनं ते हसण्यावारी नेलं. रात्रभर बाळानं जागवलेली ती दुपारी पाळण्याची दोरी ओढत, डोळे मिटून, सोमलिंगच्या भाषणांना हूं हूं करत राहिली.

एके दिवशी सोमलिंग गळ्यात हार घालूनच घरी आला. महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला होता!

"अहो, मला न विचारता?"

"चारदा विचारलं की! तू हूं म्हणालीस."

निवडणूक लढवलीस तर अडत दुकानातली कारकुनी गेली, असं शेटजींनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, दाक्षायणीनं तोंड उघडलं. बाळाचं दूध, घरभाडं, सासूबाईंचं औषध, सगळं ऐकवलं. वर्तमानपत्राआडून वाक्यावाक्याला हूं येत होतं.

"मग तीनच्या आत अर्ज मागं घेताय ना?"

"हूं."

तिचा जीव भांड्यात पडला. निघण्याआधी त्याला घोटभर चहा द्यावा म्हणून ती आत गेली.

मध्येच बाळ उठल्यानं ती उशिरा कप घेऊन बाहेर आली, तोच गिरणीचा तीनचा भोंगा झाला, तसं वर्तमानपत्र खाली घसरलं. सोमलिंगनं डोळे चोळले.

"हं, बोल आता. काय म्हणत होतीस?"



ही गोष्ट तुम्ही घरात कुणाला वाचून दाखवत असाल आणि तिकडून हूं येत असेल, तर जरा वाकून बघा, माणूस जागं आहे का ते.