दातखीळ

चमचा पुन्हा दातांवर आपटला. दूध हनुवटीवरून गळ्यात ओघळलं.

"आत्याबाई, उघडा की तोंड!" अंजना ओरडली. तान्ही पोर शेजारणीच्या मांडीवर टाकून ती मंगळवार पेठेतून दवाखान्यात धावत यायची, तोवर दिवेलागण झालेली असायची. झटका आल्यापासून सासू डोळे मिटून पडलेली. दिवसा सलाईन. आज तिसऱ्या संध्याकाळीही तिनं दात आवळून धरले होते. "शुद्ध गेली तरी सुनेच्या हातचं नको हिला! हट्टी ती हट्टीच!"

डॉक्टरांनी टॉर्च विझवली. "हट्ट करायला आत कुणीतरी असावं लागतं, बाई. मेंदू संपलाय. हा नुसता आवळलेला जबडा. उद्या सलाईन काढतो, घरी न्या."

"ऐकलंस?" जिनपाल बायकोला म्हणाला. "मग दूध कुणाला पाजतीस?"

"तुमच्या आईला! लाकूड न्हाय ते!"

सकाळी जिनपाल टांगा आणायला गेला. पोरीला काखेत घेऊन आलेल्या अंजनानं रागारागानंच चमचा भरला. ओठाला लावला.

तोंड उघडलं. घोट खाली उतरला. मग दुसरा.

"असं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "त्याला अर्थ नसतो."

अंजनानं टांगा परत पाठवला. नवऱ्याशी भांडून ती तिथंच बसली. घटकेघटकेला पाजत राहिली. दर वेळी तोंड उघडलं. खिडकीला जाड हिरवा पडदा, खोलीत अष्टौप्रहर ट्यूबलाईट. किती वाजले तेही तिला कळलं नाही.

आणि पुढचा चमचा दातांवर आपटला.

"बसली परत दातखीळ," फेरीवर आलेले डॉक्टर म्हणाले. "सांगितलं होतं मी. आत कुणी नाही."

अंजना तिरीमिरीत उठली. तोंडाशी आलेली शिवी गिळायला ती खिडकीशी गेली, पडदा ओढला. बाहेर रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. ती वळून सासूकडे बघतच राहिली. लग्न होऊन या जैनाच्या घरी आल्यापासून जिनं दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घेतला नव्हता, बाळंतपणात सुनेनं रात्री भाकरी खाल्ली म्हणून आठवडाभर अबोला धरला होता, ती बाई.

तिनं चमचा वाटीत ठेवला. हलकेच, पदरानं, सासूची हनुवटी पुसली. मग डॉक्टरांवर कडाडली,

"आत कोण न्हाय म्हणतासा न्हवं? मग दिवस मावळल्याला कळला कुणाला?"